पापुद्र्यातील प्रकाश : प्रस्तावना

प्रकाश पदार्थावर पडला असता पुढे काय घडते, या प्रश्नाला क्रमिक पुस्तकांतून जे उत्तर मिळते ते तीन शक्यतांत आटोपते: काही प्रकाश परावर्तित होतो, काही आरपार जातो, आणि उरलेला पदार्थात शोषला जाऊन अखेरीस उष्णतेच्या रूपाने विखुरतो. हे उत्तर चुकीचे नाही. खिडकीची काच, डोंगराचा कातळ किंवा झाडाचे पान यांच्यापुरता त्याने व्यवहार उत्तम चालतो. परंतु त्यात एक गृहीत मुकाट्याने दडलेले असते, ते असे की प्रकाश हा एक पक्ष, पदार्थ हा दुसरा पक्ष, आणि त्या दोघांमधील देवघेव इतकी क्षीण व इतकी एकमार्गी असते की ती आटोपल्यावरही दोन्ही पक्षांची स्वतंत्र ओळख कायम राहते. ज्या परिस्थितीत हे गृहीत कोसळते, ज्या परिस्थितीत पदार्थाने घेतलेली ऊर्जा उष्णतेत हरवण्यापूर्वीच प्रकाशाकडे परत जाते, प्रकाश ती पुन्हा पदार्थाच्या स्वाधीन करतो, आणि ही ये-जा इतक्या त्वरेने चालते की अमुक क्षणी ऊर्जा प्रकाशाची होती की पदार्थाची हे विचारण्यातच काही अर्थ उरू नये, त्या परिस्थितीस भौतिकीत प्रबल युग्मन म्हणतात. आणि ही परिस्थिती अवघ्या तीन अणूंच्या जाडीच्या अर्धसंवाहक पापुद्र्यात, तीही खोलीच्या साध्या तापमानात, कशी साधली गेली, हा या ग्रंथाचा विषय आहे.

या विषयाकडे मी कोणत्या दृष्टीने पाहतो, तेही प्रारंभीच सांगितलेले बरे. पदार्थाचे गुणधर्म हे त्याच्या ठायी जन्मतः मुक्रर झालेले असतात, आणि भोवतालची परिस्थिती फार तर त्यांना झाकते किंवा उघडे करते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत विषयाचा अभ्यास करता करता तो समज माझ्यापुरता तरी मोडीत निघाला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर काचेवर पसरला तर तो एका विशिष्ट तांबड्या रंगाचा प्रकाश शोषतो. तोच थर, त्यात एका अणूचीही भर न घालता, दोन आरशांच्या मधोमध योग्य अंतरावर ठेवला तर तो जुना रंग नाहीसा होतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन नवे रंग उमटतात. मग तो मूळचा तांबडा रंग कोणाच्या मालकीचा होता? पुढील प्रकरणांत जे गणित आणि जे प्रयोग येतात, ते सारे याच प्रश्नाची उकल करण्यासाठी आहेत, आणि माझ्या मते आधुनिक भौतिकीतील हा एक अत्यंत मूलगामी प्रश्न आहे.

ज्या द्रव्यावर ही सारी इमारत उभी आहे, ते द्रव्य मात्र मुळीच दुर्मिळ नव्हे. मॉलिब्डेनाइट, म्हणजेच खनिजरूपातील मॉलिब्डेनम डायसल्फाइड, शतकानुशतके लोकांच्या हाताळण्यात होते. दिसायला ग्रॅफाइटसारखे काळसर, स्पर्शाला मऊ आणि कागदावर ओढले असता रेघ उमटवणारे असल्यामुळे त्याची गल्लत ग्रॅफाइटशी आणि शिशाच्या खनिजाशी नेहमी होत असे. ही गल्लत १७७८ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने दूर केली आणि या खनिजात एक निराळेच मूलद्रव्य आहे असे दाखवून दिले. पुढे यंत्रांच्या सांध्यांत घालावयाच्या ग्रीसमध्ये त्याची भुकटी मिसळण्याची वहिवाट पडली, कारण त्याचे थर एकमेकांवरून विनासायास सरकतात. हे सरकणे ज्या रचनेमुळे घडते, तीच रचना आपल्या विषयाचा पाया आहे. मॉलिब्डेनमच्या अणूंची एक पातळी, तिच्या वर आणि खाली गंधकाच्या अणूंची एकेक पातळी, असा तीन पातळ्यांचा मिळून एक थर होतो. या थराच्या आतले बंध बळकट असतात, परंतु एका थराचा दुसऱ्या थराशी असलेला संबंध अगदीच सैल असतो. एका थराची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या खनिजाच्या तुकड्यात असे सुमारे पंधरा लाख थर एकावर एक रचलेले असतात.

हे थर सोलून पातळ करता येतात, हे ज्ञानही आज वाटते तितके नवे नाही. केंब्रिज येथे १९६३ च्या सुमारास फ्रिंट आणि योफ या संशोधकांनी या खनिजाचे अत्यंत पातळ पापुद्रे काढून त्यांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास केला होता, आणि १९६६ मध्ये फ्रिंट यांनी केवळ काही थरांच्या जाडीचे स्फटिक मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्या कामाकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, याची हळहळ वाटते. कारण पुढील चाळीस वर्षांत ज्या वाटेने फारसे कोणी गेले नाही ती वाट तेव्हाच खुली झाली होती. मँचेस्टरच्या गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकच थर वेगळा केला, दुसऱ्याच वर्षी त्यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडसह इतर स्तरित स्फटिकांचेही एकेरी थर मिळवून दाखवले, आणि मग साऱ्या जगाचे डोळे या बाजूला वळले.

खरा चमत्कार मात्र २०१० मध्ये उघडकीस आला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या जाड स्फटिकात इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जाण्यासाठी ऊर्जेबरोबर संवेगही बदलावा लागतो. प्रकाशाच्या कणापाशी संवेग नगण्य असल्यामुळे हे संक्रमण प्रकाशाच्या एकट्याच्या बळावर होत नाही, त्यास स्फटिकाच्या कंपनाचे साहाय्य लागते, आणि म्हणून असा स्फटिक प्रकाश बाहेर टाकण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. परंतु थरांची संख्या कमी कमी होत एकावर आली की पट्ट्यांची रचनाच पालटते आणि संक्रमण सरळ होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील माक, हाइन्झ व त्यांचे सहकारी आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथील स्प्लेंडियानी, वांग व त्यांचे सहकारी, या दोन गटांनी एकाच वर्षी स्वतंत्रपणे असे दाखवले की एकेरी थर सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा तांबडा प्रकाश जाड स्फटिकाच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक कार्यक्षमतेने उत्सर्जित करतो. द्रव्य कमी केल्याने प्रकाश वाढला! पदार्थविज्ञानात असा उलटा हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो. आणि आपल्या हाती एकच थर आला आहे, दोन किंवा तीन नव्हेत, ही खात्री करून घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ज्या साधनाचा नित्य अवलंब करतात, तो कलकत्त्यात १९२८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधलेला परिणामच होय. पापुद्र्यातील दोन स्पंदनांच्या रामन रेषांमधील अंतर थरांच्या संख्येनुसार बदलते, आणि त्या अंतरावरून थर मोजता येतात.

आता पापुद्र्याच्या अंतरंगात शिरले पाहिजे. अर्धसंवाहकाने प्रकाश घेतला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची जागा रिकामी पडते. ही रिकामी जागा धन विद्युत्भाराच्या कणाप्रमाणे वागते आणि तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन ऋण, होल धन; त्यांच्यात आकर्षण असणार हे उघडच आहे, आणि त्या आकर्षणाने बद्ध झालेली जोडी हायड्रोजनच्या अणूप्रमाणे स्फटिकातून हिंडत राहते. घन पदार्थात प्रकाशाची उष्णता कशी होते, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना १९३१ मध्ये सोव्हिएत भौतिकीविद याकोव्ह फ्रेंकेल यांना अशा बद्ध उत्तेजनाची कल्पना सुचली. १९३७ मध्ये वॅनियर यांनी तिला अर्धसंवाहकांना लागू पडेल असे रूप दिले. आणि लेनिनग्राड येथे १९५१-५२ च्या सुमारास ग्रॉस यांनी क्युप्रस ऑक्साइडच्या स्फटिकात हायड्रोजनच्या वर्णपटासारखी रेषांची मालिका प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा या कल्पित अणूच्या अस्तित्वाविषयी शंका घेण्यास जागा उरली नाही. या जोडीचे नाव एक्सायटॉन. आपल्या कथेतील पदार्थाच्या पक्षाचा हाच प्रतिनिधी.

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेने बांधलेला असतो. गॅलियम आर्सेनाइड या सुप्रसिद्ध अर्धसंवाहकातील एक्सायटॉन मात्र त्याच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्शाने, म्हणजे जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला असतो. खोलीच्या तापमानात उष्णतेची स्वाभाविक धडपडच सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यामुळे तेथे तो जन्मतःच मोडतो. म्हणून गेल्या शतकातील एक्सायटॉनचे बहुतेक नाजूक प्रयोग द्रवरूप हेलियमच्या थंडीत झाले. पापुद्र्यातील एक्सायटॉनची गोष्ट निराळी आहे, आणि तिचे कारण इतके देखणे आहे की त्यासाठी थोडे थांबणे अवश्य आहे. जाड स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यामधील विद्युत्क्षेत्राच्या रेषा सर्व बाजूंनी द्रव्यातूनच जातात, आणि भोवतालचे असंख्य अणू आपापले विद्युत्भार किंचित सरकवून त्या क्षेत्राला बोथट करतात. पापुद्र्यात मात्र त्याच रेषांचा बराचसा भाग वर आणि खाली मोकळ्या जागेत बाहेर पडतो, जेथे त्यांना बोथट करणारे कोणीही नसते. या परिस्थितीत दोन विद्युत्भारांमधील आकर्षणाचा नियम कूलंबच्या सरळ नियमाहून निराळा होतो. तो निराळा नियम नताल्या रितोव्हा यांनी १९६७ मध्ये आणि लिओनिद केल्दिश यांनी १९७९ मध्ये मांडून ठेवला होता, म्हणजे ज्या पापुद्र्यांना तो तंतोतंत लागू पडणार होता ते प्रयोगशाळेच्या मेजावर येण्याच्या कितीतरी वर्षे आधी. चेर्निकोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच कुळातील टंग्स्टन डायसल्फाइडच्या एकेरी थरातील एक्सायटॉनची रेषामालिका मोजली, तेव्हा बंधन-ऊर्जा सुमारे ३२० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरली, आणि मालिकेतील रेषांची अंतरे हायड्रोजनच्या नियमाप्रमाणे नसून रितोव्हा-केल्दिश यांच्या नियमाशी जुळणारी निघाली. उष्णतेच्या धडपडीच्या बारापट बळकट असा हा बंध आहे. शिवाय इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांपासून सुमारे एक नॅनोमीटरइतक्याच अंतरावर असल्यामुळे प्रकाशाशी त्यांचा संपर्कही विलक्षण घट्ट होतो. योग्य रंगाचा प्रकाश टाकला तर हा अणुमात्र जाडीचा पडदा एकटाच त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक शोषू शकतो.

दुसरा पक्ष प्रकाशाचा. मोकळ्या आकाशात सोडलेला प्रकाश पदार्थापासून दूर निघून जातो आणि परत येत नाही. त्याच्याशी दीर्घकाळ व्यवहार करावयाचा तर त्यास कोंडून ठेवले पाहिजे. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांत प्रकाश कोंडण्याची युक्ती मार्सेय येथील फाब्री आणि पेरो यांनी १८९९ मध्ये प्रचारात आणली, आणि आजच्या सूक्ष्म पोकळ्या त्याच घराण्यातल्या आहेत. फरक इतकाच की त्यांच्या आरशांमधील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाचे असते आणि आरसे धातूचे नसून अनेकदा निरनिराळ्या वक्रीभवनांकाच्या पातळ थरांची आलटून पालटून रचना करून केलेले असतात. अशा पोकळीत प्रकाशाला वाटेल त्या रंगाने राहण्याची मुभा नसते. आरशांमधील अंतर ज्या तरंगांना सोयीचे, तेवढेच तेथे टिकतात. १९४६ मध्ये पर्सेल यांनी एका छोट्याशा टिपणात असे सुचवले की अणूचे उत्स्फूर्त उत्सर्जन हेसुद्धा अणूच्या स्वभावावर सर्वस्वी अवलंबून नसते, भोवतालची पोकळी बदलली की त्याचा वेगही बदलतो. वर मी ज्या दृष्टीचा उल्लेख केला, तिचे बीज त्या टिपणात आहे. तथापि पर्सेल यांच्या विचारात ऊर्जा शेवटी अणूतून निघून जाते ती जातेच. ती परत येण्याची गोष्ट त्याच्या पुढची.

ती गोष्ट समजण्यासाठी दोन लोलकांचा जुना प्रयोग मनाशी आणावा. एकाच सैल दोरीला दोन समान लोलक टांगले आणि त्यांपैकी एकालाच झोका दिला, तर थोड्या वेळाने तो मंदावत थांबतो आणि दुसरा, ज्याला कोणी स्पर्शही केलेला नाही, पुरत्या जोमाने झुलू लागतो; मग दुसरा मंदावतो आणि पहिला पुन्हा चालू होतो. ही ये-जा ज्याला वैशिष्ट्यपूर्ण वाटेल त्याने आणखी एक गोष्ट करून पाहावी. दोन्ही लोलकांना एकाच दिशेने सारखा झोका दिला, तर ये-जा मुळीच होत नाही, दोघे मिळून एका ठरावीक कंप्रतेने झुलत राहतात. आणि दोघांना परस्परविरुद्ध दिशांनी झोका दिला, तरी ये-जा होत नाही, मात्र कंप्रता किंचित निराळी असते. म्हणजे जोडलेल्या अवस्थेत 'पहिला लोलक' आणि 'दुसरा लोलक' यांना स्वतःची कंप्रता उरतच नाही. कंप्रता असतात त्या जोडीच्या, आणि त्या दोन असतात. पहिल्या लोलकाच्या जागी पोकळीतील प्रकाश ठेवा आणि दुसऱ्याच्या जागी एक्सायटॉन. जोडीच्या ज्या दोन नव्या अवस्था मिळतील, त्यांना पोलॅरिटॉन म्हणतात. स्फटिकाच्या आत प्रकाश आणि उत्तेजन असे मिसळलेले असतात हा विचार पन्नासच्या दशकात पक्का झाला. कीव्हचे पेकार यांनी १९५७ मध्ये आणि अमेरिकेतील जॉन हॉपफील्ड यांनी १९५८ मध्ये त्याचे एक्सायटॉनसाठी सविस्तर गणित केले. हे हॉपफील्ड तेच, ज्यांना पुढे २०२४ मध्ये चेतापेशींच्या जाळ्यांसारख्या गणिती प्रतिमानाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

लोलकांना मात्र हवेचा अडथळा असतो, आणि येथे आपल्या विषयातील जमाखर्चाची बाब उपस्थित होते. आरसे कितीही चांगले असले तरी प्रकाश थोडाथोडा गळतो. स्फटिक कितीही शुद्ध असला तरी एक्सायटॉन कंपनांवर आपटून बेसूर होतो किंवा विझतो. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे आणि परत, अशा एका फेरीस लागणारा काळ या गळतीच्या काळाहून लांब असेल तर ये-जा सुरू होण्यापूर्वीच खाते बंद होते, आणि आपल्याला पुन्हा ते जुने शोषणच दिसते. फेरी त्वरित होत असेल, तरच प्रबल युग्मनाचा अंमल सुरू होतो. वर्णपटावर याची खूण निःसंदिग्ध असते. पोकळीतील प्रकाशाची ऊर्जा पाहण्याचा कोन बदलला की वाढत जाते, एक्सायटॉनची मात्र जवळजवळ स्थिर राहते. म्हणून कोनाच्या आलेखावर या दोन रेघा कोठेतरी परस्परांना छेदणार अशी अपेक्षा असते. प्रबल युग्मनात त्या छेदत नाहीत. एकमेकींच्या जवळ येऊन त्या वळतात, एक वर राहते, दुसरी खाली, आणि त्यांच्यामधील किमान अंतरास राबी-विभाजन म्हणतात. खालच्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले तर प्रकाश म्हणून निघालेली अवस्था हळूहळू द्रव्य होत जाते, आणि हा पालट कोठे घडला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. या रेघांचे छायाचित्र ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिले, त्यास या विषयाची ओढ लागल्यावाचून राहणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

येथे एका गैरसमजाबद्दल खुलासा करणे जरूर आहे. हे विभाजन पोकळीत एकही प्रकाशकण मुद्दाम न भरता, केवळ रिकाम्या पोकळीच्या पुंजीय चंचलतेमुळेही होते, असे वर्णन पुष्कळदा केले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु असंख्य आंदोलकांच्या समूहाबाबत तेच विभाजन साध्या रेषीय प्रकाशशास्त्रातूनही निघते, हे १९९० मध्येच दाखवले गेले आहे. म्हणून नुसते विभाजन दिसले म्हणजे पुंजयामिकीचे काही अघटित हाती लागले, असा दावा करणे रास्त नव्हे. विभाजन हा दरवाजा आहे. आतली खरी पुंजीय घटना, म्हणजे एका पोलॅरिटॉनने दुसऱ्याला अडवणे, ती निराळी आणि फार कठीण आहे.

एका अणूचे प्रकाशाशी प्रबल युग्मन आणि अर्धसंवाहकातील प्रबल युग्मन ही दोन्ही १९९२ या एकाच वर्षात प्रत्यक्ष दिसली, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. कॅलिफोर्नियात टॉम्पसन, रेम्पे आणि किंबल यांनी पहिले दाखवले. टोकियोत क्लोद वाइझबुश यांनी निशिओका, इशिकावा आणि आराकावा यांच्यासह गॅलियम आर्सेनाइडच्या पुंजकूपांना, म्हणजे इलेक्ट्रॉनला कोंडणाऱ्या अतिपातळ थरांना, आरशांच्या मध्ये ठेवून दुसरे. त्यापुढील वीस वर्षे अर्धसंवाहकातील पोलॅरिटॉनचा इतिहास मुख्यतः अशाच कूपांचा आहे, आणि थंडीची अट त्याच्या मानेवर सतत बसलेली आहे. काही सेंद्रिय रंगद्रव्यांनी आणि रुंद ऊर्जा-अंतराच्या अर्धसंवाहकांनी ती अट शिथिल केली खरी, पण त्यांतील स्फटिकांची अव्यवस्था ही एक नवी अडचण होऊन बसली.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील विनोद मेनन, शियाओझे लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २०१५ च्या आरंभी 'नेचर फोटॉनिक्स' मासिकात आला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर, वर आणि खाली आरसे, खोलीचे तापमान. आणि कोनागणिक घेतलेल्या वर्णपटांत दोन रेघा एकमेकींना न छेदता वळलेल्या, राबी-विभाजन सुमारे ४६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. या आकड्याचा काळात अनुवाद केला तर ऊर्जेची एक फेरी सुमारे नव्वद फेम्टोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या कोट्यंशाच्याही दशलक्षांशाहून कमी काळात पुरी होते. त्याच वर्षी शेफील्डच्या संशोधकांनी त्याच कुळातील मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचे थर दोन स्वतंत्र, सरकवता येणाऱ्या आरशांच्या मध्ये ठेवून अतिशीत तापमानात सुमारे २० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे विभाजन मोजले, आणि दोन थर वापरले असता ते वाढून २९ च्या आसपास गेल्याचे दाखवले. दोन्ही प्रयोग महत्त्वाचे. पण पहिल्यात हेलियमची टाकी नाही, ही गोष्ट ज्यांनी आयुष्यभर शीतयंत्रांच्या लहरी सांभाळल्या त्यांना जितकी भावेल तितकी इतरांना कदाचित भावणार नाही.

पापुद्रा प्रकाशाला किती पकडू शकतो याचे याहूनही निर्मळ उदाहरण २०१८ मध्ये मिळाले, आणि त्यात आरसे मुळी नव्हतेच. हार्वर्ड आणि झुरिक येथील दोन गटांनी मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा एक थर षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन स्वच्छ पापुद्र्यांत झाकून अतिशीत केला, आणि एक्सायटॉनच्या नेमक्या रंगाला तो एकच थर आरशासारखा वागू लागला. हार्वर्डच्या नमुन्यात परावर्तन ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. विद्युत्दाब बदलून हा आरसा लावता आणि काढता येतो. येथे बोरॉन नायट्राइडचा उल्लेख ओघात येऊन गेला, परंतु त्याचे ऋण फार मोठे आहे. जपानमधील त्सुकुबा येथे वातानाबे आणि तानिगुची हे उच्च दाबाखाली त्याचे जे निर्दोष स्फटिक वाढवतात, ते जगातील असंख्य प्रयोगशाळांना पुरवले जातात, आणि या स्फटिकांच्या वेष्टनात थर ठेवल्यावर एक्सायटॉनची रेषा शीत तापमानात एकदोन मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टइतकी बारीक होते. सिद्धान्ताच्या इतिहासात अशा कारागिरीस क्वचित स्थान मिळते. या ग्रंथात ते दिले आहे.

पोलॅरिटॉनमध्ये प्रकाशाचा अंश असल्यामुळे त्याचे परिणामी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते, आणि त्यामुळे आपल्या देशाशी जोडलेला एक धागा या विषयात येऊन मिळतो. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांच्या मोजणीचा नवा मार्ग आइनस्टाइन यांना लिहून पाठवला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून प्रसिद्ध केला आणि पुढे द्रव्याच्या कणांनाही लावून असे भाकीत केले की पुरेशा थंडीत असंख्य कण एकाच अवस्थेत गोळा होतील. अणूंच्या बाबतीत हे संघनन १९९५ मध्ये दिसले, पण त्यासाठी रुबिडियमची वाफ निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी तापमानापर्यंत नेणे भाग पडले. कण जितका हलका तितके हे तापमान उंचावते. म्हणून ग्रनोब्ल येथील गटाने २००६ मध्ये कॅडमियम टेल्युराइडच्या पोकळीत पोलॅरिटॉनचे संघनन पाहिले ते १९ केल्व्हिनला. अणुपातळ स्फटिकातील संघननाचा, तोही शीत तापमानातील, अहवाल जर्मनीतील गटाने २०२१ मध्ये दिला. येथे एक सावधगिरी हवी: पोलॅरिटॉन क्षणभंगुर असल्यामुळे हे संघनन समतोलातले नसते, सतत भरणा आणि सतत गळती यांच्या मध्ये ते तगून राहते, आणि ते कोठे संपून लेसर कोठे सुरू होतो याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मी त्या प्रकरणात दोन्ही बाजूंची कैफियत मांडली आहे आणि माझा कल कोणत्या बाजूला आहे तेही लपवलेले नाही.

इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या दोन दऱ्या आणि त्यांना अनुक्रमे डाव्या व उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने निवडता येण्याची पापुद्र्याची खुबी यांचा विचार एका छोट्या प्रकरणात केला आहे. तो विषय स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचा आहे. धातूंच्या सूक्ष्मकणांत कोंडलेल्या प्रकाशाचा प्रपंच मी सर्वस्वी वगळला आहे, कारण तेथे गळती इतकी असते की प्रबल युग्मनाचा दावा तपासण्याचे निकषच निराळे लागतात.

आता राहिली ती बाब ज्याविषयी मला सर्वांत अधिक आस्था आहे आणि जिच्यात या पापुद्र्यांची बाजू आजमितीस दुबळी आहे. एक्सायटॉन लहान आणि घट्ट असल्यामुळेच तो खोलीच्या उष्णतेत टिकतो आणि प्रकाशाला एवढ्या जोराने धरतो. पण लहान असल्यामुळेच एका एक्सायटॉनला शेजारच्या एक्सायटॉनची जाणीव फार उशिरा होते. गॅलियम आर्सेनाइडमधील ऐसपैस एक्सायटॉन एकमेकांना दुरूनच ढकलतात. पापुद्र्यातील एक्सायटॉन दाटीने बसले तरी जवळजवळ अलिप्त राहतात. एका प्रकाशकणाने दुसऱ्या प्रकाशकणाची वाट अडवावी, हे जर पुंजीय यंत्रणांचे साध्य असेल, तर ज्या गुणाने हे द्रव्य मोलाचे ठरले तोच गुण त्या साध्याच्या आड येतो. यातून सुटण्याच्या दोन वाटा सध्या चोखाळल्या जात आहेत. पापुद्र्यात मुक्त इलेक्ट्रॉन भरून त्यांच्या समुद्रात एक्सायटॉनला गुंतवावे, म्हणजे त्याची परस्परक्रिया वाढते, ही एक. झुरिकच्या गटाने २०१७ मध्ये त्या दिशेने निर्णायक पाऊल टाकले. दुसरी वाट अशी की दोन निराळ्या पदार्थांचे थर एकावर एक ठेवले असता त्यांच्या जाळ्यांच्या किंचित विसंगतीमुळे जो मोठा, पुनरावृत्त होणारा नमुना उमटतो, त्याच्या एकेका घरात एक्सायटॉनला कोंडावे, म्हणजे एका घरात दुसऱ्याला जागाच उरणार नाही. मिशिगन विद्यापीठातील हुई डेंग यांच्या गटाने २०२१ मध्ये मॉलिब्डेनम डायसेलेनाइड आणि टंग्स्टन डायसल्फाइड यांची अशी जोडी पोकळीत ठेवून परस्परक्रिया वाढल्याचे दाखवले, मात्र तेही शीत तापमानात. खोलीचे तापमान आणि एकेका कणामधील झगडा, या दोन गोष्टी एकाच नमुन्यात एकत्र आणण्यासाठी काय करावे लागेल, याचा हिशेब शेवटच्या प्रकरणात मांडला आहे. त्यातील कंस वाचकांनी स्वतः सोडवून पाहावेत म्हणून मधल्या पायऱ्या गाळलेल्या नाहीत, आणि जेथे आकडा अंदाजाचा आहे तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.